प्रबंधासाठी रेषीय प्रतिगमन शिकताना : सातारा जिल्ह्याच्या आकड्यांवरचा सराव

प्रबंधात रेषीय प्रतिगमन, म्हणजेच रिग्रेशन (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी सरळ रेषा काढण्याची पद्धत), वापरायचे असेल तर सुरुवात सॉफ्टवेअरने न करता लहान व ओळखीच्या आकडेवारीने करावी, कारण परिसर ठाऊक असला की समीकरणाचे उत्तर कुठे पटत नाही ते चटकन लक्षात येते. सातारा जिल्ह्याचे 11 तालुके यासाठी सोयीचे आहेत. तालुक्याचे सरासरी पर्जन्यमान हे स्वतंत्र चल (ज्यावरून अंदाज बांधायचा ते) आणि एकूण पिकांखालील क्षेत्रातील ज्वारीचा टक्का हे अवलंबी चल (ज्याचा अंदाज बांधायचा ते) धरावे. आकड्यांसाठी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हे शासकीय प्रकाशन पाहावे.

प्रथम आलेख कागदावर 11 बिंदू मांडावेत. मग प्रत्येक तालुक्याचे दोन्ही सरासरींपासूनचे विचलन काढून त्या विचलनांच्या गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला पर्जन्यमानाच्या विचलनांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. हा रेषेचा उतार होय. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी 1805 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्ग पद्धतीचे (बिंदूंच्या रेषेपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणाऱ्या पद्धतीचे) हे फलित एकदा तरी हाताने काढावे आणि नंतरच एक्सेलच्या उत्तराशी ताडून पाहावे.

खरा अभ्यास यानंतर सुरू होतो. माण तालुक्यात वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरहून अधिक. भाजकात विचलनांचे वर्ग असल्याने हा एकटा तालुका रेषेची दिशा जवळजवळ ठरवून टाकतो. म्हणून महाबळेश्वर धरून व वगळून, अशी दोनदा रेषा काढावी आणि दोन्ही उतार प्रबंधात द्यावेत; गैरसोयीचा बिंदू मुकाट्याने गाळणे हे संशोधन नव्हे. पर्जन्यमानाचा लॉगरिदम घेऊन पाहणे (त्याने टोकाच्या आकड्याचा प्रभाव कमी होतो) हा तिसरा, आणि माझ्या मते अधिक सयुक्तिक, मार्ग आहे.

त्यानंतर प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर, म्हणजे अवशेष, तपासावे. फलटणला पाऊस कमी असला तरी नीरा उजव्या कालव्याचे पाणी आणि ऊस आहे. तिथला अवशेष मोठा आला, तर सिंचनाचे प्रमाण दुसरे स्वतंत्र चल म्हणून घ्यावे. अवघ्या 11 नोंदींवर याहून अधिक चले लादू नयेत, कारण चले वाढवली की आर-स्क्वेअर्ड (अवलंबी चलातील बदलाचा किती भाग रेषेने उलगडला ते सांगणारा आकडा) आपोआप फुगते, आणि मार्गदर्शकही कधीकधी त्यावर भुलतात.

उताराची सार्थकता, म्हणजे तो केवळ योगायोगाने आलेला नाही ना हे, तपासताना एका चलासाठी स्वातंत्र्यमात्रा (नोंदींच्या संख्येतून 2 वजा) 9 येते आणि 5 टक्के पातळीवरील द्विपुच्छ टी-मूल्य (उतार भागिले त्याची प्रमाण त्रुटी, चिन्ह सोडून, ज्याहून मोठे यायला हवे ते) 2.262 असते, महाबळेश्वर वगळल्यास तेच 2.306 होते. निष्कर्ष लिहिताना उतार, त्याचे एकक, प्रमाण त्रुटी (उताराच्या अंदाजातील अनिश्चिततेचे माप) व नोंदींची संख्या एकत्र द्यावी, आणि हे नाते तालुक्यांच्या सरासरींमधले असल्याने एखाद्या शेतकऱ्याच्या पीकनिवडीबाबत त्यावरून विधान करू नये.