ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचा प्रस्ताव कसा लिहावा

नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी 26 वर्षं काढली. नव्या इमारतीसाठी पहिला प्रस्ताव लिहिला, त्यात ‘ज्ञानमंदिर’ हा शब्द चारदा आला होता. फाइल परत आली. शेरा एकच: ‘सध्याच्या इमारतीत नेमकं काय अडतं?’ राग आला, पण प्रश्न बरोबर होता.

म्हणून आधी मोजा. नोव्हेंबरात नको, एप्रिल-मेमध्ये, पारा 45 कडे सरकतो तेव्हा. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अभ्यासिकेतून चक्कर मारा. खुर्च्या किती, बसलेले किती, जिन्यात बसलेले किती. कुलरसमोरच्या जागा दार उघडताच बॅगा ठेवून अडवल्या जातात. त्या बॅगाही मोजा, वेगळ्या रकान्यात. यातली एमपीएससीवाली पोरं पुस्तकं स्वतःचीच आणतात. ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं’ म्हणणाऱ्या समिती सदस्यासमोर हाच तक्ता ठेवा. पोरं जागेसाठी येतात.

कुलरची आणखी एक गोष्ट. आमच्याकडे त्याची ओली हवा शेजारच्या रॅकवर जायची; नियतकालिकांचे जुने बांधीव खंड फुगले, मग बुरशी धरली. वाचकाला गारवा हवा, कागदाला कोरडेपणा. दोघं एकाच खोलीत नांदत नाहीत. अशा खंडांचे फोटो दाखल क्रमांकासह (ग्रंथालयात आल्यावर प्रत्येक प्रतीला नोंदवहीत मिळतो तो) जोडा.

सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र खरोखरच वजनाचा आहे. बैठकीत कुणीतरी म्हणतंच, “वरच्या रिकाम्या वर्गात रॅक टाका ना!” भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे वर्गखोलीच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला साधारण 300 किलो भार धरतात. ग्रंथसाठ्याच्या खोलीला 2.2 मीटर उंचीपर्यंत 600, आणि वरच्या प्रत्येक मीटरला आणखी 200. आपल्या स्लॅबचं काय, ते अभियंत्याकडून लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या बैठकीत कुणाला आठवत नाही.

मग दाखल नोंदवहीतून 10 वर्षांची भर काढा, बाद केलेली पुस्तकं वजा करा. बाद करायची राहिली असतील तर आधी करा, नाहीतर रद्दीसाठी इमारत मागताय म्हणतील. तीन फुटी फळीवर 25-30 पुस्तकं मावतात, पण तीन-चतुर्थांश भरली की ती भरलीच समजा. नाहीतर राज्यशास्त्राचं एक नवं पुस्तक आलं की अर्थशास्त्रापर्यंत सरकवासरकव. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा 1931 चा पाचवा नियम, ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’, घालायचाच असेल तर या आकड्यांच्या खाली घाला.

नकाशा आलाच, तर पश्चिमेची काचेची भिंत आधी खोडा. चित्रात छान दिसते. मे महिन्यात दुपारी चारला तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसून बघा.