घरी इलेक्ट्रॉनिक टाईपरायटर घेताय? आधी रिबिन शोधा, मग मशीन

इलेक्ट्रॉनिक टाईपरायटर घरी घ्यायचाय म्हणून विचारणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकाला पाकिटावरचे पत्ते, छापील फॉर्म, बाँड पेपर असली फुटकळ कामं घरबसल्या करायची असतात, दुसऱ्याला मोबाईल लॅपटॉप लांब ठेवून निवांत काहीतरी लिहायचं असतंय. दोघंही मशीन बघायला गेले की रंग बघतात, चार की दाबून बघतात, घासाघीस करून शे-दोनशे कमी करतात आणि रिबिनीचं विचारतच नाहीत. मग घरी आल्यावर कळतंय की ह्या मॉडेलची रिबिन आख्ख्या कोल्हापुरात कुठं नाही. म्हणून माझं सांगणं एकच असतंय, आधी रिबिनीचा नंबर घ्या, तो कुठं मिळतोय का, कितीला मिळतोय ते बघा आणि मग मशीनला हात लावा.

आता हे मशीन चालतंय कसं ते थोडक्यात. टायपिंग क्लासमधल्या गोदरेज-रेमिंग्टनवर आपल्या बोटाच्या जोरावर दांडी उडून कागदावर आपटायची. इथं की दाबली की नुसता सिग्नल जातोय, आत एक प्लॅस्टिकची चकती असते तिला डेझी व्हील म्हणतात, तिच्या शंभरेक पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक अक्षर. मोटर चकती फिरवून पाहिजे ते अक्षर समोर आणते, मागनं छोटा हातोडा ठोकतोय, मधे रिबिन, झालं काम. ऑलिव्हेटीचं ईटी १०१ हे अशातलं अगदी सुरुवातीचं मशीन, 1978 सालचं. गोदरेजनं 2009 ला टाईपरायटर बनवायचं थांबवलं आणि ब्रदर कंपनीनं ब्रिटनमधलं आपलं शेवटचं मशीन वेल्सच्या कारखान्यात 2012 ला बनवलं, ते इलेक्ट्रॉनिकच होतं. म्हणजे वस्तू काय अगदी पुरातन नाही, पण आपल्याकडं जी हाताला लागतात ती बहुतेक तीस-पस्तीस वर्षं जुनीच असतात हे धरून चाला.

रिबिनीचं नीट समजून घ्या, सगळा खेळ इथंच आहे. पहिली फिल्म रिबिन, करेक्टेबल. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर काळा थर असतोय, एक अक्षर उमटलं की ती जागा संपली, रिबिन एकदाच फिरते. अक्षर एकदम ठसठशीत, छापल्यासारखं येतंय, आणि चूक झाली तर करेक्शनची की दाबायची, चिकट टेप त्या अक्षराला चिकटून ते कागदावरनं उचलूनच घेते, मागं डागसुद्धा राहत नाही. पण एका भरलेल्या पानात दीड-दोन हजार अक्षरं सहज असतात, त्यामुळं ही कॅसेट भराभर संपते. दुसरी मल्टिस्ट्राइक, तिच्या एकाच जागेवर थोडं थोडं सरकत बरेच ठोके बसतात म्हणून जास्त पुरते. तिसरी कापडी, गोल गोल फिरत राहते, फिक्की पडेपर्यंत चालवा, सगळ्यात स्वस्त. ह्या दोघींची शाई कागदात मुरते, ती उचलून निघत नाही, म्हणून त्यांना पांढरी झाकणारी टेप लागते. फिल्मला चिकट टेप, कापडीला पांढरी टेप, ही जोडी चुकली की करेक्शन होणारच नाही, मग लोक म्हणतात मशीन खराब आहे. मशीनला काही झालेलं नसतंय.

आणि हे महत्त्वाचं, बाँडवर, प्रतिज्ञापत्रावर, चेकवर करेक्टेबल फिल्म वापरू नका. जे अक्षर तुम्हाला सहज उचलता येतंय ते दुसऱ्यालाही येतंय की! रकमेचा एक आकडा उचलून दुसरा टाकला तर कुणाला कळणार? तसल्या कागदाला कापडी नाहीतर मल्टिस्ट्राइक. लेख, पत्रं, पत्ते ह्याला फिल्म मस्त.

मराठीचं काय, हे प्रत्येकजण विचारतोय. देवनागरीची इलेक्ट्रॉनिक मशीनं सरकारी ऑफिसात होती, पण घरगुती बाजारात मिळणारी जवळपास सगळी इंग्रजी. काहींना वाटतं नुसती देवनागरी चकती मिळवून बसवली की झालं. तसं होत नाही भावा. कुठली की दाबल्यावर कितवी पाकळी आणायची हे मशीनच्या आतल्या चिपमध्ये ठरलेलं असतंय, आणि रफार, अनुस्वार, वरची मात्रा उमटताना कॅरेज, म्हणजे चकती आणि रिबिन घेऊन सरकणारा भाग, पुढं सरकून चालत नाही, हे पण त्या चिपला माहीत पाहिजे. म्हणून मराठी लिहायचं असेल तर सरळ हाताचं जुनं मराठी गोदरेज बघा, इलेक्ट्रॉनिक इंग्रजी कामाला ठेवा. मी तर म्हणेन मराठी कादंबरी लिहायला म्हणून इलेक्ट्रॉनिक घेणाऱ्यानं पैसे वाचवावेत.

बघायला जाताना कागद सोबत न्या आणि चालू करून दाखवल्याशिवाय बोलणी करू नका. पण चालू करायच्या आधी मशीन उलटं करून खालची पट्टी वाचा. नातेवाइकांनी अमेरिकेतनं आणलेली मशीनं 120 व्होल्टची असतात, आपल्या 230 च्या सॉकेटला डायरेक्ट लावलं की आतला ट्रान्सफॉर्मर गेलाच. असलं मशीन घ्यायचंच असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्च त्यात धरा.

दुसरं, कोल्हापुरातलं खास. 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळीकडं दुकानात-ऑफिसात पाणी शिरलेलं, त्यातलं बरंच सामान पुसून पासून विकलं गेलं. वरनं मशीन चकाचक दिसतंय, म्हणून टॉर्च घेऊन झाकण उघडा, रोलरच्या दोन्ही टोकांना आणि कॅरेज ज्या सळईवर सरकतंय तिच्या कोपऱ्यात बघा. बारीक राखाडी-तांबूस गाळ दिसला, स्क्रूच्या खाचेत गंज दिसला, की राम राम करून निघायचं. त्यापेक्षा शाहूपुरीतल्या एखाद्या जुन्या पेढीच्या माडीवर कव्हर घालून ठेवलेलं मशीन धुळीनं भरलेलं असलं तरी परवडलं.

मग टेस्ट. चकती बाहेर काढून पाकळ्या मोजायची गरज नाही, नुसतं उजेडात धरून एखादी मोडलीय का, वाकलीय का ते बघा. आत बसवून एक ते शून्य, ए पासून झेड, मग शिफ्ट दाबून परत तेच. एखादं अक्षर सारखं अर्धवट उमटत असेल तर पाकळीचा दोष, त्याला चकती बदलली की झालं. पण दाबतोय एक आणि येतंय भलतंच, किंवा चालू केल्या केल्या घरघर आवाज होऊन कॅरेज एका बाजूला धडकतंय, तर मोटरवरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकल्याची शंका घ्या, जुन्या मशीनचं हे नेहमीचं दुखणं. गिअर तयार मिळत नाही, शिवाजी उद्यमनगरात हाता-पाया पडून कुणी करून देईलही, पण एवढ्या बारक्या कामाला तिथला माणूस उभा राहील का हा प्रश्नच आहे. काही की अजिबात चालत नसतील तर कीबोर्डच्या खालची पातळ शीट गेलेली असते, ते मशीन सुट्या भागासाठीच घ्यायचं.

घरी आणल्यावर जागा. डुगडुगणारं टेबल नको, कारण कॅरेज झटक्यात मागं येतंय. खाली घोंगडीची घडी नाहीतर जाड फेल्ट टाका, आवाज बराच कमी होतोय, दुपारी वामकुक्षी करणारी शेजारची मंडळी पण खूश. मशीन चालू असताना कॅरेज हातानं कधी ढकलायचं नाही, चकती किंवा रिबिन बदलायची तर आधी बटण बंद.

चकतीवर 10, 12 किंवा 15 असा आकडा असतोय, तो एका इंचात किती अक्षरं बसणार त्याचा. मशीनवर पिच, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराची सेटिंग, तोच ठेवा. 10 ची चकती लावून पिच 12 ठेवला तर अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. पत्राला 12 छान दिसतं, फॉर्मला आणि वयस्कर माणसांना वाचायला 10.

टायपिंग क्लासमध्ये थर्टी-फॉर्टी, म्हणजे मिनिटाला तीस-चाळीस शब्दांची परीक्षा, केलेल्यांना पहिले काही दिवस त्रास होणार, कारण बोटात जोर मुरलेला असतोय. इथं नुसतं टेकवायचं. दाबून धरलं की काही की परत परत उमटत राहतात. आणि तुम्ही जोरात टाईप केलं की मशीन मागं राहतंय, मग तुम्ही थांबलात तरी ते टकाटक टकाटक उरलेली अक्षरं मारत बसतंय, बिघडलं म्हणून घाबरू नका. चूक दिसली की लगेच करेक्शनची की दाबा, मशीनला मागची थोडीच अक्षरं लक्षात असतात, त्याच्या मागं गेलात तर चुकीच्या अक्षरावर जाऊन तेच अक्षर परत सांगावं लागतंय. कागद एकदा बाहेर काढला की त्याच जागी परत बसवणं म्हणजे डोळ्याची परीक्षा.

छापील फॉर्म आणि बाँडची एक युक्ती सांगतो. 500 चा बाँड डायरेक्ट मशीनमध्ये घालायचा नाही. आधी त्याची झेरॉक्स काढा, झेरॉक्सवर टाईप करा, मग ती झेरॉक्स आणि कोरा बाँड एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा. रिकाम्या जागेच्या रेषेवर अक्षर बसलंय का खाली-वर झालंय ते स्वच्छ दिसतंय. अर्ध्या ओळीनं वर-खाली करायची की बऱ्याच मशीनला असते, तिनं जुळवा, मार्जिन आणि टॅब तसेच ठेवा आणि मग खरा कागद लावा. कार्बन कॉपी पाहिजे असेल तर ठोक्याचा जोर वाढवायचं बटण असतंय, मूळ प्रत धरून तीन कागद ठीक, त्याच्या पुढं शेवटची प्रत भुतासारखी येते. पाकिटावर पत्ता मारताना जिथं कागदाचा जोड येतोय ती जागा टाळा, तिथं अक्षर अर्धं उमटतंय आणि चकतीची पाकळी पण मोडू शकते.

देखभाल फार नाही. तेल घालायचं नाही, खोबरेल तर नाहीच नाही, शिलाई मशीनचं पण नको, धूळ त्यात बसून चिखल होतोय. मऊ ब्रशनं धूळ झाडा, रोलर स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. चकतीला स्पिरिट लावू नका, कोरडा ब्रश बास. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा दमट, कागद ओलसर होऊन रोलरला चिकटतो, म्हणून कागदाचं रीम प्लॅस्टिकमध्ये ठेवा आणि आठवड्यातनं एकदा तरी मशीन थोडा वेळ चालवा. वीज कडाडायला लागली की प्लग काढा. मधेच लाईट गेली तर कॅरेजची जागा आणि करेक्शनची आठवण दोन्ही जातं, लाईट आल्यावर कागद जुळवून पुढं चला.

संपलेली फिल्म कॅसेट कचऱ्यात तशीच टाकू नका. ती पट्टी ओढून उजेडात धरली की तुम्ही मारलेलं अक्षर न् अक्षर ओळीनं वाचता येतंय, पत्ता, खाते नंबर, भाऊबंदकीची नोटीस, सगळं. कॅसेट फोडून पट्टी बाहेर काढा, कात्रीनं बारीक तुकडे करा आणि मगच घंटागाडीत टाका.