वरचं खाणं सुरू करताय? मग वरणाचं पाणी नको, वरण द्या

माझ्या लेकीचं उष्टावण 6 महिने पूर्ण झाल्यावर केलं, मामाने मांडीवर घेऊन खिरीचं बोट चाटवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी तिला देत होते ते वरणाचं वरवरचं पाणी, कारण घरात सगळ्यांनी तेच सांगितलेलं की पचायला हलकं असतं. दोन आठवडे असंच चाललं. मग डॉक्टरांनी एकच विचारलं, डाळ कोण खातं मग? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरलं तर दूधही कमी पितं आणि अंगाला काहीच लागत नाही. आईच्या दुधात लोह मुळात कमी असतं आणि बाळ जन्मताना जो साठा घेऊन येतं तो 6 महिन्यांच्या आसपास संपत येतो, म्हणून तर वरचं सुरू करायचं. त्यामुळे डाळ, नाचणी, अंडं, खात असाल तर मासे-चिकन हे सगळं लवकर यायला हवं. दूध मात्र चालूच ठेवायचं.

आमच्याकडे चाललेली भरड सांगते. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन सावलीत कडकडीत वाळवायचं, मंद गॅसवर खमंग भाजायचं आणि मिक्सरला रव्यासारखं काढायचं. दोन चमचे भरड आधी गार पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात, मग ढवळत शिजवा, पाणी लागेल तसं घाला आणि उतरवल्यावर चमचाभर तूप. चमचा तिरका केला की घास हळूच घसरला पाहिजे, धार लागली तर पातळ झालं, अजून आटवा. बाळाला मीठ 1 वर्षापर्यंत आणि साखर 2 वर्षांपर्यंत नको, बाळाला ते अळणी लागत नाही, आपल्याला लागतं.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. मग वाढवत 8 महिन्यांपर्यंत अर्धी मोठी वाटी, दोन-तीन वेळा. नवीन पदार्थ एकेक करून द्या, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या म्हणजे अंगावर पुरळ वगैरे आलं तर कशाने ते कळतं. अंडं पूर्ण शिजवून, शेंगदाणा अगदी बारीक वाटून खिमटात, म्हणजे शिजवलेल्या भरडीत, मिसळून देता येतो, पण बाळाला जास्त एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाज येणं) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा शेंगदाणा, फुटाणे, अख्खं द्राक्ष चुकूनही हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतं. आणि मध 1 वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटणातही नाही, त्यातल्या जंतूंमुळे बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो, आजी कितीही म्हणाली तरी इथे ठाम राहा.

पहिले काही दिवस बाळ जिभेने घास बाहेर ढकलतं, म्हणजे आवडलं नाही असं नसतं, त्याला गिळायचं अजून जमत नसतं. मांडीवर आडवं न घेता बसवून भरवा, मोबाईल लावू नका, तोंड फिरवलं की थांबा. माझ्या लेकीने भोपळा सात-आठ वेळा थुंकला, नंतर एक दिवस स्वतःच वाटीत हात घालून कोपरापर्यंत माखून घेतला आणि बोटं चोखत बसली. तेव्हापासून मी खाली जुनी साडी अंथरते आणि एक चमचा तिच्या हातात देते, दुसरा माझ्या.