वाटाण्याला सेंद्रिय खत देताना या चुका टाळा

पुरंदरच्या सासवड, दिवे या पट्ट्यातील वाटाणा पुण्याच्या मार्केट यार्डात त्याच्या गोडीमुळे मुद्दाम मागून घेतला जातो. मात्र शेणखताच्या ट्रॉल्या ओतूनही वेल नुसतेच माजले, फुले उशिरा आली आणि शेंगा कमी लागल्या, ही तक्रारही याच भागात कानी पडते. याचे मूळ बहुतेक वेळा एकाच गैरसमजात असते. वांगी-टोमॅटोला जसे नत्र भरपूर द्यावे लागते तसेच वाटाण्यालाही लागते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात हे पीक मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्वतः मिळवते.

कोंबडी खताचा मोह सर्वांत महाग पडतो. त्यात साधारण 3 टक्के नत्र असते, म्हणजे एकरी 2 टन टाकल्यास सुमारे 60 किलो नत्र जमिनीत जाते आणि त्यातील बराच भाग लवकर उपलब्ध होतो. वाटाण्याला मात्र गाठी तयार होईपर्यंत एकरी 8 ते 10 किलो पुरते. जमिनीत आयते नत्र असले की झाड गाठी बांधण्याचे काम टाळते आणि सारी ताकद पाल्यात जाते. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असून ते सावकाश सुटते, म्हणून वाटाण्यासाठी एकरी 6 ते 8 टन चांगले कुजलेले शेणखत मला अधिक भरवशाचे वाटते.

‘चांगले कुजलेले’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. उकिरड्यावरून थेट उचललेल्या, काडीकचरा ओळखू येणाऱ्या खतात कर्बाचे प्रमाण नत्राच्या मानाने खूप जास्त असते; ते कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतलेच नत्र वापरून टाकतात आणि कोवळी रोपे पिवळी पडतात. शिवाय अशा खतातून हुमणी, वाळवी आणि तणांचे बी शेतात येते. खत काळे, भुसभुशीत आणि दुर्गंधीरहित झालेले असावे, आणि ते पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे पसरून शेवटच्या कुळवणीने मातीत मिसळावे.

बीजप्रक्रियेतील चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. सोयाबीन किंवा भुईमुगासाठीचे रायझोबियम वाटाण्याच्या मुळांवर काम करत नाही, म्हणून पाकिटावर पिकाचे नाव आणि मुदत दोन्ही पाहावीत. दुकानात उन्हात पडून राहिलेले पाकीट घेऊ नये. 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम संवर्धक (पाकिटातील जिवाणूंचे खत) गुळाच्या थंड द्रावणात कालवून चोळावे, बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी. रासायनिक बुरशीनाशकाऐवजी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरल्यास जिवाणूंना धोका राहत नाही.

शंका असल्यास पीक फुलोऱ्यावर येताना दोन-चार झाडे खुरप्याने मातीसकट अलगद काढावीत आणि मुळांवरील गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी-लालसर असेल तर नत्र मिळते आहे. पांढरट किंवा हिरवट असेल, अथवा गाठीच नसतील, तर संवर्धक, जास्तीचे नत्र किंवा साचलेले पाणी यांपैकी कारण शोधावे. पावसाळी वाटाण्यात भारी जमिनीवर पाणी थांबले की मुळांना हवा मिळत नाही, गाठी निकामी होतात आणि मर रोगही बळावतो. तेथे आणखी खत टाकण्यापेक्षा चर काढणेच उपयोगी ठरते.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लक्षण नत्राच्या कमतरतेचे नव्हे. चुनखडीयुक्त जमिनीत लोह उपलब्ध न झाल्याने असे होते. अशा जमिनीत स्फुरदही (फॉस्फरस) अडकून पडते, म्हणून स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतात मिसळून द्यावेत आणि पेरणीआधी माती परीक्षण करून घ्यावे. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी निघाल्यास एका हंगामात फरकाची अपेक्षा न ठेवता दरवर्षी भरखत देत राहावे.

शेवटच्या तोडणीनंतर झाडे मुळासकट उपटून बांधावर टाकणे, ही पुढच्या पिकाच्या वाट्याचा ठेवा घालवणारी चूक आहे. झाडे विळ्याने जमिनीलगत कापून पाला जनावरांना द्यावा, मुळे मात्र गाठींसह मातीतच कुजू द्यावीत. त्यांतील नत्र मागाहून येणाऱ्या ज्वारीला किंवा कांद्याला मिळते.