रेडिएशन लागलं असा संशय आला तर रक्तात काय बघायचं

माझा भाऊ वास्कोला जहाजांच्या वेल्डिंगच्या रेडिओग्राफीवर (किरणांनी जोडाचा फोटो काढून तपासणं) आहे, इरिडियम १९२ या किरणोत्सर्गी सोर्सचं काम, म्हणून हे मी नीट शिकून घेतलंय आणि त्याच्या सगळ्या साथीदारांना कळावं असं मनापासून वाटतं.

सोर्सजवळ चुकून गेलात तर आधी लांब व्हा, सेफ्टी ऑफिसरला कळवा, टीएलडी बॅज (अंगावरचा, लागलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला) जपून द्या आणि उलटी झाली तर घड्याळ बघून वेळ लिहा. मग लगेच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, जांभळ्या टोपीची (ईडीटीए) ट्यूब. एकच रिपोर्ट बघून "नॉर्मल आहे" म्हणून घरी जायचं नाही, खरी माहिती घसरणीत असते, म्हणून पहिले दोन दिवस साधारण दर सहा तासांनी परत करा आणि दरवेळी लिम्फोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आकडा वेगळा काढा (एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्केवारी, भागिले १००). २४ तासांत तो निम्म्यावर आला तर प्रकरण गंभीर, मोठ्या हॉस्पिटलात हलवाच.

डोस नेमका किती ते सांगते डायसेंट्रिक टेस्ट, म्हणजे दोन सेंट्रोमियरवाले (क्रोमोसोमचा मधला सांधा, एरवी एकच असतो) मोडून जुळलेले क्रोमोसोम मोजणं. तिला हेपरिनची हिरवी ट्यूब लागते, ईडीटीएची चालत नाही, आणि रक्त थंडीने गोठू द्यायचं नाही, बर्फाला चिकटवून पाठवू नका. पेशी ४८ तास वाढवाव्या लागतात त्यामुळे उत्तर उशिरा येतं, तोवर उपचार थांबवायचे नाहीत. साधारण ०.१ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन डोसचं माप) खालचं तिला दिसत नाही, एक्सरे काढून घाबरलेल्यांनी ही टेस्ट मागू नये.