निकालांची तुलना करताना या चुका टाळा

अर्धवार्षिक परीक्षेचे निकाल हाती आले की इंदूरच्या शाळांतील शिक्षक बहुधा प्रथम वर्गाची सरासरी पाहतात. परंतु पुढच्या तासाला काय शिकवावे, याबद्दल सर्वांत कमी माहिती तीच देते. समजा, सातवीच्या दोन्ही तुकड्यांची गणिताची सरासरी ६२ आहे. पहिल्या तुकडीतील बहुतेक मुले ५५ ते ७० च्या दरम्यान आहेत, तर दुसऱ्या तुकडीतील निम्मी ८५ च्या आणि निम्मी ३९ च्या आसपास आहेत. पहिल्या तुकडीला एकच सामायिक उजळणी पुरेल. दुसऱ्या तुकडीत तीच उजळणी निम्म्या मुलांना कंटाळवाणी होईल आणि उरलेल्यांच्या डोक्यावरून जाईल. वर्ग लहान असल्यास सरासरी आणखी फसवी ठरते, कारण बारा मुलांच्या वर्गात एकाच मुलाचे ३६ गुण वाढले तरी सगळ्या वर्गाची सरासरी तीनने वाढते.

त्रैमासिक परीक्षेत ५८ आणि अर्धवार्षिकात ६५ गुण मिळाले, म्हणून मूल सुधारले असे म्हणणेही घाईचे आहे. दोन प्रश्नपत्रिकांचा अभ्यासक्रम, काठिण्य आणि कित्येकदा तपासणाराही वेगळा असतो. तुलना खरोखर करायची असेल, तर दोन्ही वेळा त्याच संकल्पनेवरचे, तेवढेच कठीण असे चार-पाच प्रश्न, फक्त आकडे बदलून ठेवावेत आणि ते एकाच निकषाने तपासावेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उत्तर केवळ बरोबर की चूक एवढेच नोंदवणे. ०.३५ आणि ०.४ यांतील मोठी संख्या विचारल्यावर ज्या मुलाने ०.३५ लिहिले, त्याने बहुधा ३५ हे ४ पेक्षा मोठे म्हणून तसे लिहिले आहे. त्याला अधिक सराव देऊन उपयोग नाही, त्याला स्थानिक किंमत नव्याने समजावावी लागते. याउलट ज्याने रीत बरोबर लिहून शेवटी बेरीज चुकवली, त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवण्यात वेळ वाया जातो. म्हणून उत्तरपत्रिका परत देण्यापूर्वी उभ्या रकान्यांत प्रश्न आणि आडव्या ओळींत मुले असा साधा तक्ता करून चुकीचा प्रकारही त्यात लिहावा. एखादा रकाना जवळजवळ सगळ्यांचाच चुकला असेल, तर दोष शिकवण्यात किंवा प्रश्नाच्या भाषेतही असू शकतो. इंदुरात एकाच हिंदी माध्यमाच्या वर्गात घरी मराठी, माळवी किंवा सिंधी बोलणारी मुले असतात. थेट गुणाकार जमणारे मूल तोच गुणाकार शाब्दिक उदाहरणात चुकवत असेल, तर ते उदाहरण त्याला घरच्या भाषेत तोंडी विचारून पाहावे, मगच त्याचे गणित कच्चे ठरवावे.

मागे पडलेल्या मुलांसाठीच्या उपचारात्मक वर्गाचे यश मोजतानाही सावध राहावे. एका परीक्षेतील सर्वांत कमी गुणांची मुले निवडली, तर त्यांत त्या दिवशी आजारी असलेली किंवा गोंधळलेली मुलेही येतात आणि पुढच्या वेळी ती काही न करताही वर सरकतात. निवड दोन चाचण्यांवरून करावी. गैरहजर मुलांना शून्य धरणे किंवा सरळ वगळणे, या दोन्ही गोष्टी आकडे बिघडवतात. त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

मुलांना किती येते हे देशभर तपासणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील इंदूर जिल्ह्याचा आकडा आपल्या शाळेला लावणे हीदेखील नेहमीची चूक आहे. ते सर्वेक्षण नमुन्यावर आधारलेले असते आणि जिल्ह्याचे चित्र दाखवते, एखाद्या वर्गाचे नव्हे. शिवाय १२ नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी होत्या, तर त्याच्याच पुढच्या फेरीत, म्हणजे ४ डिसेंबर २०२४ च्या परख सर्वेक्षणात, तिसरी, सहावी आणि नववी. त्यामुळे पाचवीच्या आकड्याशेजारी सहावीचा ठेवून प्रगती किंवा अधोगती काढता येत नाही.