मीटिंगमधून निर्णय घेऊनच उठायचे, तर काय करावे

'विक्रीचा आढावा', 'नवी वेबसाइट', 'प्रशिक्षण'. मीटिंगच्या निमंत्रणात बहुधा असे शब्द असतात आणि मीटिंग तिथेच बिघडते. अशा विषयावर आठ माणसे तासभर सहज बोलू शकतात, पण बोलणे कुठे संपवायचे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिले काम, खोली बुक करण्याच्याही आधीचे: विषयाचा प्रश्न करा.

प्रश्न लिहा

'नवी वेबसाइट' या शब्दांऐवजी 'वेबसाइट १ तारखेला सुरू करायची, की पैसे भरण्याच्या पानाची चाचणी पुरी होईपर्यंत थांबायचे?' असे लिहा. एवढ्याने कोणाला बोलवायचे, त्यांना आधी कोणती माहिती द्यायची आणि कधी उठायचे, हे सगळे उलगडते. प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी नोंदवा: किती मिनिटे, कोण मांडणार, अंतिम निर्णय कोणाचा. तासाभरात असे २ प्रश्न नीट होतात. ३ घेतले की ओढाताण सुरू होते. प्रश्नच तयार होत नसेल, नुसती माहिती द्यायची असेल, तर एक पानाचे टिपण पाठवा आणि मीटिंग रद्द करा.

अवघड प्रश्न सर्वांत आधी घ्या. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्ये एका काल्पनिक समितीचे वर्णन केले होते: अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर, आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास चर्चा. अणुभट्टी फारशी कोणाला कळत नाही, शेडबद्दल मात्र प्रत्येकाला मत असते. सोपे विषय 'पटकन उरकून घेऊ' म्हणून आधी घेतले की हेच घडते, आणि खरा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत दमलेल्या माणसांसमोर येतो.

मोजक्यांना बोलवा

निर्णय घेणारी, विषयाची माहिती असलेली आणि निर्णय अमलात आणणारी, अशी ५ ते ७ माणसे पुरेत. ५ जणांत संवादाच्या १० जोड्या होतात, १० जणांत ४५. म्हणजे माणसे दुप्पट, गुंतागुंत साडेचार पट. ज्यांना बोलावले नाही त्यांना डावलल्यासारखे वाटू शकते. झालेल्या निर्णयांची नोंद त्याच दिवशी मिळेल, हे त्यांना आधीच कळवा. वेळ ६० मिनिटांऐवजी ५० ठेवा. एका मीटिंगमधून दुसरीत धावत आलेला माणूस सुरुवातीला मनाने मागच्याच खोलीत असतो.

पहिली १५ मिनिटे शांततेची

लोकांना सर्वांत विचित्र वाटणारी आणि सर्वांत जास्त फरक पाडणारी पायरी हीच. 'आधी वाचून या' असे कितीही सांगितले तरी निम्मी माणसे न वाचता येतात. त्यापेक्षा दोन पानांचे टिपण मीटिंगमध्येच द्या आणि ८ ते १० मिनिटे सगळ्यांनी गप्प बसून वाचा. ॲमेझॉन कंपनीत सहा-सहा पानांची टिपणे अशीच मीटिंगच्या आरंभी वाचली जातात.

मग ४ मिनिटे प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहावे. हे लिहिणे वगळू नका. एक जण बोलत असताना बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहतात, तोवर सुचलेले विसरतात किंवा 'आता कशाला' म्हणून सोडून देतात. येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या चौघांपेक्षा, वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या. कमी बोलणाऱ्याकडे मत नसते असे मुळीच नाही; त्याला फक्त मधे शिरता येत नाही.

त्यानंतर एक फेरी करा. प्रत्येकाने एकच मुद्दा सांगायचा, कनिष्ठांनी आधी, साहेबांनी सर्वांत शेवटी. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. फेरी पुरी होण्याआधीच, दुसऱ्या माणसाच्या मुद्द्यावर वाद सुरू होतो. तेव्हा 'आधी सगळ्यांचे ऐकू' एवढेच म्हणून फेरी पुढे न्या. आणि कधी वरिष्ठांनी आपला कौल टिपणातच लिहिलेला असतो. मग कागद वाटूनही उपयोग नाही, सगळ्यांची उत्तरे तीच येतात.

काही जण खोलीत आणि काही पडद्यावर असतील, तर फेरी पडद्यावरच्यांपासून सुरू करा, कारण तीच माणसे आधी विसरली जातात.

चर्चा वाहवली तर

फळ्याच्या कोपऱ्यात 'नंतर' असा चौकोन आखा. 'मुद्दा महत्त्वाचा आहे, पण आजच्या प्रश्नाचा नाही, इथे लिहून ठेवू,' असे म्हणून तो टिपा. मीटिंग संपण्यापूर्वी त्या चौकोनातल्या प्रत्येक मुद्द्याचे काय करायचे ते ठरवाच. एकदा जरी तो तसाच पुसला गेला, तर पुढच्या वेळी कोणी आपला मुद्दा तिथे ठेवू देणार नाही.

निर्णय आणि नोंद

'सगळ्यांना मान्य ना?' या प्रश्नावरची शांतता होकार समजू नका. त्याऐवजी विचारा: 'सहा महिन्यांनी हा निर्णय फसला आहे असे धरा. कशामुळे फसला?' ३ मिनिटे लिहू द्या. थेट विरोध करायला कचरणारी माणसे या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देतात. निर्णय बदलायचा असेल तर आत्ता बदला, मग तो एका वाक्यात सर्वांसमोर लिहा.

शेवटची ५ मिनिटे कामे वाटण्यासाठी राखून ठेवा, चर्चा कितीही रंगली तरी. प्रत्येक कामाला एकच नाव आणि एक तारीख हवी. 'टीम बघेल' म्हणजे कोणीच बघणार नाही. 'पुरवठादारांशी बोलणे' हे काम अर्धवट आहे. 'तीन पुरवठादारांचे लेखी दर १२ तारखेपर्यंत गटाला पाठवणे' हे पूर्ण आहे. तारीख काम करणाऱ्यानेच सांगावी. नोंद अर्ध्या पानाची पुरे: निर्णय, त्यामागचे एका ओळीत कारण, कामांची यादी. कोण काय म्हणाले हे लिहीत बसू नका, अर्थात नियमाने सविस्तर इतिवृत्त ठेवावे लागते अशा बैठका सोडून.

दर आठवड्याच्या ठरलेल्या मीटिंगची वेगळी परीक्षा घ्या. तिमाहीत एकदा ती दोन आठवडे सलग बंद ठेवा आणि कोणाचे काय अडले ते विचारा. जे अडले असेल तेवढ्याच प्रश्नांसाठी ती पुन्हा सुरू करा. काहीच अडले नसेल, तर कॅलेंडरमधून काढून टाका.